पुन्हा नीट द्यायची का? बीडीएससाठी वर्ष थांबवण्याआधी एवढं बघा

निकाल लागतो, प्रवेशाच्या फेऱ्या होतात, यादीत नाव येत नाही. मग आमच्या तामलवाडीसारख्या गावातही घराघरात तीच चर्चा सुरू होते. अब्बा म्हणतात अजून एक वर्ष बघू, अम्मीला मुलीच्या वयाची काळजी, आणि शेजारची खाला विचारते, "अजून किती वर्षं घरी बसवणार?" ज्या लेकराने परीक्षा दिली, त्याला मात्र कोणी काही विचारत नाही. शाळेत पालक आमच्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज काढू. बीडीएसला नंबर लागला नाही म्हणजे डेंटिस्ट होणं संपलं, असं नाही. देशात दंत महाविद्यालयांच्या जागा रिकाम्या राहतात. २०२०-२१ मध्ये तर सात हजारांवर जागा रिकाम्या होत्या, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या वर्षापुरती पात्रता १० पर्सेंटाइलने खाली आणायला सांगितलं. कमी आहेत त्या स्वस्त जागा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी मोजकीच शासकीय दंत महाविद्यालयं राज्यात आहेत. आपल्या धाराशिवला २०२२ पासून शासकीय मेडिकल कॉलेज आहे, पण तिथे बीडीएस नाही. खासगी कॉलेजात नुसत्या पात्रतेवरही जागा मिळू शकते, पण फी लाखांत असते आणि कोर्स चार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप, असा पाच वर्षांचा. म्हणजे पोरगं हुशार आहे की नाही, हा इथे प्रश्नच नाही. आपल्या घराला परवडेल अशा जागेपासून ते किती लांब राहिलं, हे बघायचं.

हे अंतर गुणांवरून मोजू नका. २०२४ ला पहिल्या आलेल्यांचे गुण ७२० पैकी ७२० होते, २०२५ ला पहिल्याचे ६८६. खुल्या प्रवर्गाची पात्रता एका वर्षात १६२ वरून १४४ वर आली. त्यामुळे "मामूच्या पोराला एवढ्या गुणांवर मिळालं होतं" या हिशेबाला काही अर्थ नाही. रँक बघा. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या फेऱ्यांच्या याद्या असतात. आपल्या प्रवर्गात शेवटचा प्रवेश कोणत्या रँकवर झाला ते शोधा आणि आपला रँक शेजारी लिहा. फरक थोडा असेल तर थांबण्यात अर्थ आहे. फरक फार मोठा असेल, तर एका वर्षात तो भरून निघणं आम्हाला तरी कठीण वाटतं.

दुसरी गोष्ट, गुण कुठे गेले? फिजिक्समध्ये गेले की घाईत चुकीची उत्तरं ठोकल्यामुळे? बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्याला एक जातो. अंदाजाने तीस प्रश्न चुकवले तर तीस गुण गेलेच. कारण सापडलं असेल तर दुसरं वर्ष कामी येतं. कारण माहीत नसताना त्याच क्लासला पुन्हा फी भरणं म्हणजे तेच वर्ष परत काढणं. लातूरला पाठवलं की झालं, असं नाही. घरी राहून अभ्यास करायचा असेल, विशेषतः मुलीला, तर घरकाम आणि पाहुण्यांची उठबस तिच्या अंगावर टाकू नका. नाहीतर ते वर्ष कागदावरच राहतं.

२०२२ पासून नीटला वयाची वरची मर्यादा नाही, कितीदा द्यायची यावरही बंधन नाही. म्हणून कुठे थांबायचं ते घरानेच आधी ठरवायला हवं. आमचं मत विचाराल तर एकदा थांबणं ठीक. दुसऱ्यांदा फक्त रँक स्पष्ट सुधारला असेल तर, आणि तेही दुसरीकडे बी.एस्सी.ला वगैरे नाव घालून. तिसऱ्यांदा नको. बी.एस्सी.ला प्रवेश घेतला तर शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजात जमा असतो, नंबर लागला तर तो वेळेत परत घ्यावा लागतो, हे लक्षात असू द्या. नीटच्याच गुणांवर बीयूएमएस आणि फिजिओथेरपीचाही फॉर्म भरता येतो. दहावीला उर्दू घेतलेल्या मुलांसाठी बीयूएमएस खरंच विचार करण्यासारखं आहे.

आता कागदांविषयी, कारण गुण असूनही काही घरं इथेच अडकतात. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा कितीतरी मुस्लिम जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, तरी मुलं खुल्या प्रवर्गातून फॉर्म भरतात. ओबीसीत नसाल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस आहे. शिवाय २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. प्रवेश कॅप फेरीतून हवा, आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. हॉस्टेल, मेस आणि दातांच्या कामाची उपकरणं यांचा खर्च आपलाच. तरीही वर्ष थांबवायचं ठरवण्याआधी हा हिशेब मांडा. कागद पूर्ण असलेल्या मुलीला कॅपमधून खासगी कॉलेज मिळत असेल, तर शासकीय जागेसाठी वर्ष घालवायची गरजच उरत नाही.

जात पडताळणीला वेळ लागतो, त्यामुळे अर्ज बारावीतच करा. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ आधीचा पुरावा मागतात. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून आजोबा-पणजोबांच्या जुन्या नोंदी कितीतरी वेळा उर्दूत निघतात, आणि घरात आता ते वाचणारं कोणी नसतं. असा कागद रद्दी समजून टाकू नका, शाळेत घेऊन या. आम्ही वाचून सांगू त्यात काय लिहिलंय ते, मग भाषांतर करून अर्जाला जोडता येईल.