पाठीवर थायलसिन

वाकड-रावेतच्या पेट सलूनमध्ये क्रिएटिव्ह ग्रूमिंग, म्हणजे कुत्र्याच्या अंगावर रंगकाम, शिकणाऱ्याने पट्टेरी वाघाच्या आधी टास्मानियाचा नामशेष प्राणी थायलसिन रंगवून बघावा. तोंड कुत्र्यासारखं, पोटाला पिल्लांची पिशवी, आणि साधारण १५ ते २० गडद पट्टे फक्त पाठीच्या मागच्या भागावर, शेपटीच्या मुळापर्यंत. पिवळसर लॅब्रॅडॉर असेल तर निम्म्याहून अधिक अंगाला हातच लावावा लागत नाही. (जाड, ताठ शेपटी मात्र कोणत्याही कात्रीने साधणार नाही.)

नमुना जिवंत बघायला मात्र मिळणार नाही. थायलसिन मेंढ्या मारतो म्हणून टास्मानिया सरकारने १८८८ ते १९०९ या काळात प्रौढ थायलसिनमागे एक पौंड बक्षीस दिलं. एकूण २,१८४ बक्षिसं वाटली गेली. शेवटचा ज्ञात थायलसिन ७ सप्टेंबर १९३६ रोजी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. थायलसिनच्या चित्रफिती कृष्णधवल. १९३३ची फीत २०२१मध्ये रंगीत केली, तेव्हा संग्रहालयांतली कातडी बघून रंग ठरवावा लागला.

सलूनमध्ये लावायचा रंग कुत्र्यांसाठी बनवलेलाच हवा. माणसांचा हेअर डाय अजिबात नको: त्यातल्या पेरॉक्साइड-अमोनियाने कातडी भाजते, शिवाय कुत्रा अंग चाटतो. तो बिथरला तर काम तिथेच थांबवायचं, मालक कितीही घाई करो.