तांब्याची भिशी

पावसाळ्यात रानात आडवा पडलेला एखादा ओंडका पांढराफटक पडलेला दिसतो. बोटाने उकरलं तर त्याचे तंतू सुटून येतात. हे काम श्वेतकुज बुरशीचं. लाकडाला ताठपणा आणि तपकिरी छटा देणारं लिग्निन ती फोडून टाकते आणि फिकट सेल्युलोज मागे उरतं.

लिग्निन फोडणं महाकठीण. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच, ठरलेल्या पद्धतीने जोडलेली साखळी. ती तोडणाऱ्या विकराला तेवढी एक जोडणी ओळखता आली की झालं. लिग्निनमध्ये बेंझिनची वलयं कशीही, कुठेही जोडलेली. दोन तुकडे सारखे सापडतील तर शपथ! शिवाय रेणू इतका अवाढव्य की पेशीच्या आत घेताच येत नाही. म्हणून बुरशी विकरं बाहेर सोडते, आणि ही विकरं फारशी चोखंदळ नसतात. साधारण त्या घडणीचं काही समोर आलं की त्यातले इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे. मग तो रेणू अस्थिर होऊन मोडू लागतो.

आता कापडाच्या रंगाकडे बघा. विल्यम पर्किनने १८५६ मध्ये पहिला गाजलेला कृत्रिम रंग बनवला आणि त्यानंतर असे रंग हजारोंनी आले. आज वापरातले निम्म्याहून अधिक रंग अ‍ॅझो जातीचे: वलयांच्या मध्ये नायट्रोजनचे दोन अणू. ऊन, साबण, घाम यांना दाद न देणं हाच त्यांचा गुण, त्यामुळे सांडपाण्याच्या हवा खेळवलेल्या टाकीतले नेहमीचे जिवाणूही तिथे हात टेकतात. काही रंग लिटरभर पाण्यात मिलिग्रॅमभर असले तरी डोळ्याला दिसतात. कोट्यवधी वर्षं लाकूड कुजवत आलेल्या बुरशीने हे रेणू कधी पाहिलेले नव्हते. तरी ती ते मोडते, कारण तिच्या विकरांना ओळखपाळख लागतच नाही.

यातलं सर्वांत देखणं विकर म्हणजे लॅकेज. हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनतज्ज्ञाला ते १८८३ मध्ये लाखकामाच्या झाडाच्या चिकात सापडलं. बुरशीतही ते असतं हे नंतर कळलं. त्यात तांब्याचे चार अणू असतात आणि त्यांचा कारभार चक्क भिशीसारखा चालतो. चार रेणूंकडून एकेक इलेक्ट्रॉन जमा होतो आणि चारांची रक्कम एकदम ऑक्सिजनला मिळते. फरक इतकाच की इथे भिशी दर वेळी ऑक्सिजनलाच लागते. त्यातून तयार काय होतं? पाण्याचे दोन रेणू. क्लोरीन नको, हायड्रोजन पेरॉक्साइड नको, हवा पुरे. शुद्ध लॅकेज तांब्यामुळे स्वतः निळं दिसतं, आणि जीन्सच्या कापडावरची नीळ फिकी करायला ते कारखान्यांत १९९० च्या दशकापासून वापरात आहे!

ऑक्सिजन नसलेल्या टाकीत जिवाणू अ‍ॅझो रंगाचा नायट्रोजनचा दुवा तोडतात, पण मागे अ‍ॅरोमॅटिक अमाइन राहतात आणि त्यातली काही कर्करोगकारक आहेत. लॅकेज दुसऱ्या वाटेने जातं. अनेक रंगांत तो नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. बुरशीच रंगीत झाली तर मात्र हुरळून जाऊ नये. तेव्हा रंग मोडलेला नसतो, नुसता जागा बदलून बसलेला असतो.

इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस कारखान्यांचं पाणी आणि पंचगंगा नदी यांचं दुखणं जुनं आहे. तिथून जवळच, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, बुरशी आणि जिवाणूंकडून रंग मोडून घेण्यावर बरंच संशोधन झालं आहे. पाणी नितळ दिसलं म्हणून ते निर्धोक ठरत नाही. म्हणून अशा संशोधनात त्या पाण्यावर ज्वारीसारखं बी रुजत घालतात आणि मुळं किती लांब आली ते मोजतात. मला ही कसोटी महागड्या यंत्रांइतकीच पटते.

प्रयोगशाळेतून कारखान्यात जाताना गाडी अडते ती मिठाशी. सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढवायला लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅमपर्यंत मीठ घालतात, वर सोडा. बुरशीच्या बहुतेक लॅकेजांना आंबट पाणी मानवतं, आणि मिठातला क्लोराइड त्यांच्या तांब्यालाच अडकून बसतो. म्हणून विकर मण्यांवर पक्कं बसवणं, खारं पाणी सोसणारी बुरशी शोधणं असे प्रयत्न चालू आहेत. रंग गेला तरी मीठ मात्र पाण्यातच राहतं. ते काढायला पडद्याची गाळणी किंवा बाष्पीभवन लागतं, आणि खरा खर्च तिथेच येतो.