स्विचशी संपर्काचे दोन मार्ग
डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठासारख्या विस्तीर्ण परिसरात संगणकांचे जाळे जोडणाऱ्या नव्या स्विचला प्रारंभी बहुधा पत्ता नसतो. कन्सोलची तार थेट जोडूनच तो द्यावा लागतो. त्यानंतर दूर बसूनही जाळ्यातून आज्ञा देता येतात. त्यासाठी टेलनेट वापरल्यास संकेतशब्द उघडा प्रवास करतो. अशाच चोरीनंतर १९९५ साली फिनलंडमध्ये एसएसएच निर्माण झाले. परंतु अधिक सूक्ष्म धोका भाषेचा आहे. आज्ञेची रचना चुकली तर स्विच तक्रार करतो; रचना शुद्ध पण आशय चुकीचा असेल, तर ती निमूटपणे पाळतो. ज्या मार्गाने आज्ञा आली तोच बंद करण्याची आज्ञाही! मग तार घेऊन त्या इमारतीपर्यंत चालत जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही.