लवणासुराचं तळं आणि ग्रेंडेलची आई

बालमित्रांनो, परभणी जिल्ह्यातला देवगाव फाटा तुमच्यापैकी काही जणांनी एसटीच्या खिडकीतून पाहिला असेल. इथून एक रस्ता सेलूला जातो, एक जिंतूरला आणि एक मंठ्याला. मंठ्याहून पुढं उत्तरेला गेलं की लागतं बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. तिथं एका राक्षसाचं घर आहे, बरं का!

राक्षसाचं नाव लवणासुर. कथा अशी सांगतात, की तो जमिनीखाली एका गुहेत राहायचा आणि वर येऊन लोकांना छळायचा. गुहेला भलंमोठं झाकण होतं, त्यामुळं ती कुणालाच सापडत नव्हती. शेवटी विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं आणि राक्षसाच्या दोन बहिणींकडून गुहेचा पत्ता काढून घेतला. मग पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं आणि आत झोपलेल्या लवणासुराला ठार केलं. म्हणून विष्णूचं नाव पडलं दैत्यसूदन. लोणारला त्याचं सुंदर कोरीव मंदिर आहे. झाकण उडालेली गुहा म्हणजेच लोणारचं खाऱ्या पाण्याचं तळं, असं लोक म्हणतात.

शास्त्रज्ञ म्हणतात, हा खड्डा आकाशातून पडलेल्या अशनीनं केला. काळ्या बेसॉल्ट खडकात पडलेला हा खड्डा जवळजवळ 1.8 किलोमीटर रुंद आहे. म्हणजे आपल्या लोकांनी एवढं तर बरोबर ओळखलं होतं, की इथं काहीतरी भयंकर घडलंय!

आता गंमत ऐका. इथून हजारो मैलांवर, इंग्लंडमधल्या लोकांनीही एका राक्षसाला तळ्यातच घर दिलं होतं. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या लोकांना अँग्लो-सॅक्सन म्हणतात. त्यांच्या जुन्या इंग्रजीतलं एक महाकाव्य आज आपल्याला मिळतं. त्याचं नाव ‘बेओवुल्फ’. कवी कोण, ते कुणालाच ठाऊक नाही. ओळी आहेत 3182. भाषा इतकी जुनी, की आजच्या इंग्रज मुलांनाही ती शिकल्याशिवाय वाचता येत नाही!

बकासुराचा भाऊ शोभेल असा!

डेन्मार्कचा राजा ह्रोथगार यानं एक भव्य महाल बांधला. तिथं रोज रात्री गाणी व्हायची, मेजवान्या झडायच्या. जवळच्या दलदलीत राहणाऱ्या ग्रेंडेल नावाच्या राक्षसाला तो आनंद सहन होईना. एका रात्री तो आला आणि झोपलेली तीस माणसं घेऊन गेला. मग त्याचा हा छळ तब्बल बारा वर्षं चालला.

ही बातमी समुद्रापलीकडच्या बेओवुल्फच्या कानावर गेली. संकट त्याच्या गावावर नव्हतं, तरी तो आला. आपल्या भीमाची आठवण झाली ना? एकचक्रा नगरीत पांडव पाहुणे म्हणून राहिले होते. तिथल्या यजमानाची पाळी आली, तेव्हा भीमच बकासुराकडे गेला. बेओवुल्फही परक्याच्या घरचं संकट अंगावर घेतो. राक्षस शस्त्र वापरत नाही, तर मीही वापरणार नाही, असं म्हणून तो नुसत्या हातांनी लढतो. झटापटीत ग्रेंडेलचा हातच खांद्यापासून उखडतो आणि तो मरायला दलदलीत पळतो.

सगळे खूश होतात. पण दुसऱ्याच रात्री ग्रेंडेलची आई येते. मुलाचा सूड म्हणून ती राजाच्या जिवलग सल्लागाराला मारते आणि आपल्या तळ्यात परत जाते.

बेओवुल्फ त्या काळ्या तळ्यात उडी घेतो. खाली जबरदस्त लढाई होते. हातातली नामांकित तलवार चालत नाही. मग तिथंच त्याला राक्षसांनी घडवलेली एक जुनी तलवार दिसते आणि तिनं तो ग्रेंडेलच्या आईला मारतो.

इकडे काठावर काय चाललंय? पाणी लाल झालेलं बघून राजाची माणसं म्हणतात, “संपला बिचारा!” आणि घरी निघून जातात. बेओवुल्फचे सोबती मात्र तिथंच बसून राहतात. आशा त्यांनाही उरलेली नसते, पण ते उठत नाहीत. आणि बेओवुल्फ वर येतो!

लोणारच्या कथेत काठावर वाट बघणारं कुणी लागत नाही, कारण लढणारा साक्षात देव आहे. तो जिंकणार हे आपल्याला ठाऊकच असतं. बेओवुल्फ मात्र माणूस आहे आणि माणूस हरू शकतो. त्यामुळं त्याच्यासाठी कोण थांबतं, याला फार किंमत आहे.

दहा पळाले, एक थांबला

पुढं बेओवुल्फ राजा होतो आणि पन्नास वर्षं राज्य करतो. गुप्तधनावर नाग बसलेला असतो, असं आपली आजी सांगते ना? तसा त्याच्या राज्यात खजिन्यावर एक आग ओकणारा ड्रॅगन बसलेला असतो. कुणीतरी त्यातला एक पेला चोरतो आणि ड्रॅगन गावंच्या गावं जाळत सुटतो. म्हातारा राजा पुन्हा लढायला निघतो. बरोबर निवडक अकरा योद्धे असतात. ज्वाळा दिसताच त्यातले दहा जण रानात पळतात!

एकटा थांबतो तो तरुण विग्लाफ. राजाच्या बाजूनं लढण्याची त्याची ही पहिलीच वेळ. त्याची लाकडी ढाल जळून जाते, तेव्हा तो राजाच्या ढालीआड शिरून लढतो. दोघं मिळून ड्रॅगनला मारतात. पण राजाची जखम विषारी ठरते आणि बेओवुल्फ मरतो.

तुम्ही म्हणाल, हा कसला शेवट? नायकच मेला! पण मित्रांनो, त्या दहा जणांची ताकद काही कमी नव्हती. ते तर निवडून घेतलेले वीर होते. विग्लाफ त्यांच्याहून बलवान होता, असं कवी कुठंच म्हणत नाही. फरक एवढाच, की ते गेले आणि तो थांबला.

बेओवुल्फची ताकद आपल्यात नसेल. पण वर्गात सगळे एखाद्याला चिडवत असताना त्याच्या बाकावर जाऊन बसणं, आजारी मित्राकडे रोज चक्कर मारणं, यातलं काहीतरी आपल्याला नक्की जमेल. यंदाच्या सुट्टीत लोणारला गेलात, तर तळ्याच्या काठावर जरा वेळ बसा. आणि स्वतःलाच विचारा, “मी थांबलो असतो का?”

हे माहीत आहे का?

● ‘बेओवुल्फ’ची जगात एकच जुनी हस्तलिखित प्रत आहे. ती साधारण इ. स. 1000 च्या सुमाराची, म्हणजे 1290 च्या ज्ञानेश्वरीच्याही आधीची.

● 1731 साली लंडनमध्ये ती ठेवलेल्या इमारतीला आग लागली. पानांच्या कडा होरपळल्या, पण प्रत वाचली! आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे.

● जून 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं. हे राक्षसाचं रक्त नव्हे हं! खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं तो रंग आला होता.