कणीस आपलं, माहेर मेक्सिकोचं!

वीकेंडला पुणे-नाशिक रस्त्यावर पेठला थांबले आणि उकडलेलं कणीस घेतलं. लिंबू, मीठ, तिखट... एकदम देशी! पण मका आणि मिरची, दोन्ही आली अमेरिका खंडातून, १४९२ नंतर युरोपियन जहाजांबरोबर. आशियातलं लिंबू उलट तिकडे गेलं. म्हणूनच मेक्सिकोतही कणसावर लिंबू-तिखटच!

तिथला ‘तमाल’ म्हणजे कणसाच्या पानांत वाफवलेलं मक्याचं पीठ. आपल्या पातोळ्यांचा चुलतभाऊच म्हणा ना. त्यातली डुकराची चरबी स्पॅनिशांची, मका चुन्याच्या पाण्यात शिजवायची युक्ती मात्र मूळ रहिवाशांची. या चुन्यामुळेच मक्यातलं नायसिन अंगी लागतं. युरोपने मका नेला, युक्ती तिथेच राहिली. मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला.

तेव्हा रेसिपी उसनी घेताना तिच्यामागची अक्कलही मागून घ्या!