विश्लेषण : रॉचेस्टर शहराने स्वतःचाच महामार्ग का बुजवला?

वाहने वाढली की नवा रस्ता किंवा उड्डाणपूल बांधायचा, हे उत्तर जगभरातील शहरांनी गृहीत धरले आहे. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर या मध्यम आकाराच्या शहराने याच्या नेमके उलट केले. शहराच्या मध्यभागाला वेढणाऱ्या 'इनर लूप' या वर्तुळाकार महामार्गाचा पूर्वेकडील भाग त्याने २०१४ ते २०१७ या काळात माती टाकून बुजवला आणि तेथे साधे रस्ते व इमारती येऊ दिल्या. आता उत्तरेकडील भागाची पाळी आहे. महामार्ग हटवता येतो, हे पहिल्या टप्प्याने दाखवून दिले. मोकळी झालेली जमीन कोणाच्या वाट्याला येणार, हा प्रश्न दुसऱ्या टप्प्यात कळीचा ठरणार आहे.

रॉचेस्टरची ओळख काय?

भारतीयांच्या दोन-तीन पिढ्यांनी ज्या फिल्मवर लग्नाचे आणि सहलींचे फोटो काढले, त्या कोडॅक कंपनीचे हे गाव. झेरॉक्स आणि बॉश अँड लोम्ब या कंपन्याही येथेच जन्मल्या. १९५०च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ३२ हजार होती. २०२० मध्ये ती २ लाख ११ हजारांवर आली होती. १९८२ मध्ये एकट्या कोडॅकचे या परिसरात ६० हजारांहून अधिक कर्मचारी होते. त्याच कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. मात्र शहराच्या मध्यभागाची उतरण कोडॅकच्या पडझडीच्या बरीच आधी सुरू झाली होती. लोक उपनगरांत राहायला गेले आणि त्यांच्यामागोमाग दुकानेही गेली.

इनर लूप कशासाठी बांधला?

उपनगरांकडे जाणारा ग्राहक मोटारीने परत यावा, यासाठी. १९५२ पासून काम सुरू झाले आणि १९६५ मध्ये वर्तुळ पूर्ण झाले. सुमारे सव्वाचार किलोमीटरचा हा वेढा बराचसा जमिनीच्या पातळीखाली होता. त्यासाठी शेकडो घरे आणि दुकाने पाडण्यात आली. याच काळात, १९५६ मध्ये, शहरातील भुयारी रेल्वेची प्रवासी सेवा बंद झाली. एरी कालव्याच्या जुन्या पात्रात १९२७ मध्ये सुरू झालेल्या या मार्गाच्या पूर्वेकडील जागेवरून पुढे आंतरराज्य महामार्ग गेला. १९६२ मध्ये शहराच्या मध्यभागी 'मिडटाऊन प्लाझा' हा बंदिस्त मॉल उभा राहिला. अमेरिकेतील शहरांच्या मध्यवस्तीत झालेल्या अशा पहिल्या मॉलपैकी तो एक. मोटार घेऊन या, खरेदी करा आणि मोटारीनेच परत जा, असा हा सगळा हिशेब होता.

हा विचार एकट्या रॉचेस्टरचा नव्हता. १९५६च्या संघीय महामार्ग कायद्यानुसार आंतरराज्य महामार्गांच्या खर्चाचा ९० टक्के वाटा वॉशिंग्टन उचलत असे. नव्या बसमार्गांना असा आधार नव्हता. त्यामुळे शहरोशहरी रस्ते वस्त्यांमधून गेले आणि बहुतेक ठिकाणी ते गरीब, कृष्णवर्णीय वस्त्यांतून गेले. तेथील जमीन स्वस्त होती आणि तेथील रहिवाशांचा आवाज क्षीण होता. रॉचेस्टरमध्ये कृष्णवर्णीयांची दुकाने आणि जॅझ क्लब यांसाठी ओळखला जाणारा क्लॅरिसा स्ट्रीट परिसर शहर पुनर्निर्माण आणि महामार्ग यांच्या तडाख्यात विस्कटला.

मग तो नकोसा का झाला?

इनर लूप ज्या गर्दीसाठी बांधला, ती गर्दी आलीच नाही. पूर्वेकडील भागात बाजूचे सेवारस्ते धरून काही ठिकाणी १२ मार्गिका होत्या आणि त्यावरून दिवसाला सुमारे सात हजार वाहने जात. एवढी वाहने शहरातला साधा दुपदरी रस्ताही सहज पेलतो. दुसरीकडे, या खंदकामुळे मध्यभाग आणि त्यालगतच्या वस्त्या एकमेकींपासून तुटल्या होत्या. समोर दिसणाऱ्या इमारतीत पायी जायचे तर पूल गाठावा लागे. मिडटाऊन प्लाझाही टिकला नाही. तो २००८ मध्ये बंद झाला आणि नंतर पाडण्यात आला.

यात पैशाचा भागही मोठा होता. अर्धशतक जुने पूल आणि संरक्षक भिंती दुरुस्तीला आल्या होत्या. कमी वापराच्या रस्त्यावर पुन्हा मोठा खर्च करायचा की तो काढूनच टाकायचा, असा पर्याय होता. अमेरिकेतील शहरांचा कारभार बऱ्याच अंशी मालमत्ता करावर चालतो. महामार्गाखालची जमीन मात्र एक पैचाही कर देत नाही. पूर्व भाग हटवण्याची कल्पना १९९०च्या शहर आराखड्यातच मांडली गेली होती. ती प्रत्यक्षात यायला २०१३ साल उजाडले. त्या वर्षी केंद्र सरकारने १ कोटी ७७ लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले आणि पुढच्या वर्षी काम सुरू झाले.

महामार्ग बुजवल्यावर काय झाले?

मन्रो अव्हेन्यू ते शार्लट स्ट्रीट या साधारण एक किलोमीटरच्या पट्ट्यात खंदक भरून युनियन स्ट्रीट हा जमिनीच्या पातळीवरचा रस्ता करण्यात आला. त्याला पदपथ आणि वेगळा सायकलमार्ग आहे. सुमारे सहा एकर जमीन मोकळी झाली. दोन कोटींहून थोड्या अधिक डॉलरच्या सार्वजनिक खर्चानंतर या जमिनीवर २० कोटींहून अधिक डॉलरचे बांधकाम झाल्याचे सांगितले जाते. त्यात पाचशेहून अधिक घरे आहेत आणि त्यातील निम्म्याहून अधिक बाजारभावापेक्षा कमी भाड्याची किंवा अनुदानित आहेत. खेळ या विषयाला वाहिलेल्या 'द स्ट्राँग' या राष्ट्रीय संग्रहालयाचा मोठा विस्तारही याच पट्ट्यात झाला आणि २०२३ मध्ये तो खुला झाला.

वाहतूक कोंडी का झाली नाही?

महामार्ग हटवला की तेवढीच वाहने शेजारच्या गल्ल्यांत घुसतील, ही पहिली भीती असते. प्रत्यक्षात वाहतूक नळातल्या पाण्यासारखी ठरलेल्या प्रमाणात वाहत नाही. काही वाहनचालक दुसरा रस्ता धरतात, काही वेळ बदलतात, काही दोन कामे एकाच फेरीत उरकतात, तर काही फेऱ्या होतच नाहीत. शिवाय शहरातील रस्त्यांचे जाळे परत जोडले गेले की एकाच मार्गावर भार न येता तो अनेक चौकांत विभागला जातो. सॅन फ्रान्सिस्कोतील एम्बार्काडेरो उन्नत मार्ग १९८९च्या भूकंपानंतर पाडावा लागला, तेव्हाही भाकीत केलेली ठप्प अवस्था आली नाही. रॉचेस्टरच्या पूर्व भागात तर मुळात वाहनेच कमी होती. त्यामुळे हे उदाहरण दिवसाला लाखभर वाहने वाहणाऱ्या रस्त्याला जसेच्या तसे लावता येणार नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांचे काय?

रॉचेस्टरमधील साधारण चौथाई कुटुंबांकडे मोटार नाही. म्हणजे ज्या रस्त्याने वस्ती तोडली, त्याचा वापर तेथील अनेकांना कधी करताच आला नाही. त्यांच्यासाठी महामार्ग हटवणे हे अर्धेच काम आहे. उरलेले काम बसचे. २०१४ मध्ये मध्यभागात बंदिस्त बसस्थानक सुरू झाले, तेव्हा कडाक्याच्या हिवाळ्यात उघड्यावर बसची वाट पाहणे काही प्रमाणात थांबले. मे २०२१ मध्ये संपूर्ण बसजाळ्याची फेररचना झाली. गर्दीच्या मोजक्या मार्गांवर वारंवार बस आणि विरळ वस्तीच्या भागांत मागणीनुसार येणारी छोटी वाहने, असे तिचे सूत्र आहे. याचा तोटाही आहे. मुख्य मार्गावर राहणाऱ्याचा फायदा होतो, मात्र कारखाने आणि गोदामे असलेल्या दूरच्या उपनगरात कामाला जाणाऱ्याला दोन टप्प्यांत प्रवास करावा लागतो.

उत्तरेकडील टप्पा वेगळा का?

पूर्वेकडे आसपास संग्रहालय, कार्यालये आणि तुलनेने सुस्थितीतील वस्ती होती. उत्तरेकडे महामार्गाला लागून मार्केटव्ह्यू हाइट्ससारख्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो बहुसंख्येच्या गरीब वस्त्या आहेत. या टप्प्यासाठी राज्य सरकारने २०२२च्या अर्थसंकल्पात १० कोटी डॉलरची तरतूद केली.

महामार्ग गेला की लगतच्या जमिनीचा भाव चढतो. शहराला तेच हवे असते, कारण कर वाढतो. पण ज्याचे उत्पन्न वाढलेले नाही, त्याच्यासाठी चढता भाव म्हणजे चढते भाडे. रॉचेस्टरमधील निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात. स्वतःचे घर असलेल्या वृद्धांनाही वाढीव मूल्यांकनावरचा कर जड जातो. साठ वर्षांपूर्वी महामार्ग बांधताना ज्यांची घरे गेली, त्यांच्याच मुलानातवंडांना महामार्ग हटवताना घर सोडावे लागण्याची ही शक्यता आहे. तेव्हा बुलडोझरने काढले, आता घरमालकाच्या नोटिशीने, एवढाच काय तो फरक उरेल.

यावर उपाय कोणते?

पहिला उपाय जमिनीच्या विक्रीच्या अटींतला आहे. महामार्गाखालची जमीन सार्वजनिक आहे. त्यामुळे ती कोणाला, किती मोठ्या तुकड्यांत आणि कोणत्या अटींवर द्यायची, हे ठरवणे सरकारच्या हातात असते. मोठे भूखंड मोठ्या विकासकांकडे जातात. छोटे भूखंड स्थानिक बांधकाम व्यावसायिकाला किंवा घर बांधू इच्छिणाऱ्या कुटुंबालाही घेता येतात. दुसरा उपाय 'कम्युनिटी लँड ट्रस्ट'चा. यात जमीन विश्वस्त संस्थेच्या मालकीची राहते आणि रहिवासी फक्त घर विकत घेतो. विकताना किंमत मर्यादेत ठेवावी लागत असल्याने पुढच्या कुटुंबालाही ते परवडते. तिसरा, जुन्या रहिवाशांना भाडे आणि कर यांत संरक्षण. यातील कोणताही उपाय जमिनीचे भाव चढण्याआधी केला तरच उपयोगी पडतो.

अन्य शहरांचा अनुभव काय सांगतो?

मिलवॉकीने २००२-०३ मध्ये 'पार्क ईस्ट' उन्नत मार्ग पाडला. मोकळ्या जमिनीचा मोठा भाग दहा वर्षांहून अधिक काळ पडून होता. २०१८ मध्ये त्यातील काही जागेवर बास्केटबॉलचे भव्य संकुल सुरू झाले. रस्ता पाडला की विकास आपोआप धावत येत नाही, हा त्याचा धडा. रॉचेस्टरपासून सुमारे १४० किलोमीटरवरील सिरॅक्यूजमध्ये कृष्णवर्णीयांच्या वस्तीवरून गेलेला 'आय-८१'चा उन्नत मार्ग हटवण्याचा, दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्चाचा प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला. तेथेही रिकाम्या होणाऱ्या जमिनीवरचा हक्क हाच वादाचा विषय आहे.

केंद्राचा पैसा मात्र बेभरवशाचा आहे. २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्याने तुटलेल्या वस्त्या जोडण्यासाठी पाच वर्षांकरिता एक अब्ज डॉलर दिले. २०२२ मध्ये आणखी मोठा निधी जाहीर झाला, पण त्यातील करारबद्ध न झालेली रक्कम २०२५च्या कायद्याने परत घेण्यात आली. अशा वेळी शहरे खर्च भरून काढण्यासाठी जमीन जास्तीत जास्त बोलीला विकण्याकडे झुकतात आणि परवडणारी घरे मागे पडतात. त्यामुळे रॉचेस्टरचा दुसरा टप्पा यशस्वी झाला की नाही, हे किती किलोमीटर रस्ता बुजला यावर ठरणार नाही. आज मार्केटव्ह्यू हाइट्समध्ये भाड्याने राहणारे कुटुंब दहा वर्षांनंतरही तेथेच राहू शकले का, यावर ते ठरेल.