काकासाहेबांची चिठ्ठी आणि १८५६ चं दुसरं कलम

देवलांची शारदा जिथे सुटते, तिथे ‘कुंकू’मधली नीरा अडकते. ‘संगीत शारदा’ १८९९ चं. त्यातल्या जरठ भुजंगनाथाला पैशाच्या जोरावर नवरी मिळता मिळता राहते, कारण ऐनवेळी सगोत्राची भानगड निघते. प्रभातचा ‘कुंकू’ १९३७ चा. इथे कोणी धावून येत नाही, लग्न लागतं, आणि गोष्ट खऱ्या अर्थाने त्यानंतर सुरू होते. नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ (१९२३) या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो मराठीत आणि ‘दुनिया न माने’ या नावाने हिंदीत केला, पटकथाही आपट्यांचीच, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. शांता आपटे आणि केशवराव दाते यांच्या अभिनयाबद्दल, पार्श्वसंगीत गाळण्याच्या धाडसाबद्दल, भिंतीवरच्या त्या घड्याळाबद्दल पुष्कळ लिहून झालेलं आहे. मला म्हणायचं आहे ते एवढंच, की बाला-जरठ विवाहाचा चित्रपट असा शिक्का मारून आपण ‘कुंकू’ फार लवकर हातावेगळा केला. वयातलं अंतर डोळ्यांत भरतं खरं, पण ते अंतर विकत घेता आलं कशामुळे, हा या कथेतला मूळ प्रश्न आहे. तो ऐपतीचा प्रश्न आहे, आणि नीराच्या सुटकेचाही प्रश्न शेवटी ऐपतीपाशीच येऊन थांबतो.

पुरावा पडद्यावरच आहे. नीरा पोरकी. तिला सांभाळणाऱ्या नातलगांनी पैसे घेऊन तिला उजवलेलं. नवरा, काकासाहेब, विधुर, पेशाने वकील, चार लोकांत सुधारक म्हणवून घेणारे. नीरा नवऱ्याला जवळ येऊ देत नाही, हे तिचं बंड; पण ती घर सोडून जात नाही, हे फारसं कोणी बोलत नाही. जाणार कुठे? ज्यांनी विकलं त्यांच्याच दारात? तिची सगळी लढाई उंबरठ्याच्या आत चालते ती यामुळेच, आणि त्या लढाईत तिला जी हत्यारं मिळतात तीही त्या घराचीच आहेत. लगट करू पाहणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने फोडून काढते. या प्रसंगाला स्त्रीच्या संतापाचा स्फोट म्हणण्याची रीत आहे. मला त्यात मालकिणीचा अधिकारही दिसतो. वकीलसाहेबांची बायको झाली नसती, तर त्याच घरच्या मुलावर हात उगारण्याची तिची प्राज्ञा नव्हती. ज्या लग्नाने तिला कोंडलं, त्याच लग्नाने तिच्या हातात छडी दिली.

याउलट काकासाहेबांची लेक बघा. विधवा, शिकलेली, समाजकार्यात पडलेली, बापाला तोंडावर खडसावणारी. तिच्या बोलण्याला बाप वचकतो, कारण ती त्याच वर्गाच्या, त्याच शिक्षणाच्या भाषेत बोलते. ही भूमिका केली शकुंतला परांजपे यांनी, आणि इथे थोडं थांबायला हवं. रँग्लर र. पु. परांजप्यांची ही एकुलती एक मुलगी. केंब्रिजला गणित शिकून आलेली, जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत नोकरी केलेली, पुढे र. धों. कर्व्यांच्या वाटेने जाऊन संततिनियमनाच्या प्रचारात वर्षानुवर्षं खपलेली. तिने एका रशियन चित्रकाराशी लग्न केलं. त्यांची मुलगी सई १९३८ साली जन्मली, आणि त्यानंतर थोड्याच काळात दोघं कायदेशीरपणे वेगळी झाली. म्हणजे ज्या सुमारास पडद्यावरच्या नीरापुढे सुटकेची एकही वाट नव्हती, त्याच सुमारास तिच्या सावत्र लेकीचं काम करणारी बाई खऱ्या आयुष्यात घटस्फोट घेऊ शकली. दोघींतला फरक धैर्याचा नव्हता. एकीपाशी परदेशात शिकायला पाठवणारा बाप आणि आपण होऊन, हिंदू विधींबाहेर केलेलं लग्न होतं. दुसरीच्या बाजूला नातलगांनी घेतलेले पैसे आणि सप्तपदी. शांतारामांनी ही निवड मुद्दाम केली असेल-नसेल, पण पडद्यावर ती बोलते.

आता शेवट. काकासाहेबांना उपरती होते. आपण या मुलीचं वाटोळं केलं हे ते जाणतात, चिठ्ठी लिहून तिने पुन्हा लग्न करावं असं सुचवतात आणि आत्महत्या करतात. हा शेवट पळवाटेचा आहे, म्हातारा मेला म्हणून प्रश्न सुटला, असा आक्षेप जुनाच आहे. त्याला उत्तर कलाविचारात शोधण्यापेक्षा कायद्याच्या पुस्तकात लवकर सापडतं. १९३७ साली मुंबई इलाख्यातल्या ब्राह्मण बाईला घटस्फोट नव्हता. तो कायदा मुंबई प्रांतात १९४७ ला आला, देशभर १९५५ ला. बालविवाहबंदीचा शारदा कायदा १९३० पासून लागू झालेला, पण त्यात मुलीच्या वयाची अट होती चौदा. नीरासारख्या वाढलेल्या मुलीला त्याचा उपयोग शून्य. तेव्हा नवऱ्याच्या मरणाखेरीज दुसरा दरवाजाच नव्हता, आणि काकासाहेब वकील असल्यामुळे त्यांना हे पक्कं माहीत होतं. त्यांचं मरण भावनेच्या भरातलं वाटतं, पण त्यामागे कायदा जाणणाऱ्या माणसाचा हिशेब आहे.

मात्र दरवाजाच्या पलीकडे काय आहे ते पाहिलं की चिठ्ठीचा अर्थ बदलतो. ‘कुंकू’ आला त्याच वर्षी, १४ एप्रिल १९३७ ला, मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांनी नेटाने मंजूर करून घेतलेला हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता-हक्काचा कायदा अमलात आला. मृत्युपत्र नसेल तर विधवेला नवऱ्याच्या इस्टेटीत मुलाइतका वाटा, तोही तिच्या हयातीपुरता. म्हणजे विधवा नीरा काही काळासाठी का होईना, सधन होणार होती. पण १८५६ च्या विधवाविवाह कायद्याचं दुसरं कलम त्याच्या आड उभं होतं. विद्यासागरांच्या ज्या कायद्याचे आपण गोडवे गातो, त्यातच लिहिलेलं होतं की विधवेने पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचे तिचे हक्क ती जणू मेली असं समजून संपतात. तेव्हा काकासाहेबांची चिठ्ठी एका हाताने स्वातंत्र्य देते आणि दुसऱ्या हाताने घरदार काढून घेते. लग्न कर, म्हणजे जशी आलीस तशी परत जा. आणि गंमत अशी की त्या कलमातच एक फट होती. मृत्युपत्रातून मिळालेला मर्यादित हक्क पुनर्विवाहाने जात असे तो नवऱ्याने पुनर्विवाहाची स्पष्ट परवानगी दिलेली नसेल तर. परवानगीची ती दोन वाक्यं काकासाहेबांनी लिहिली खरी, पण निरोपाच्या चिठ्ठीत. त्यांच्यासारख्या वकिलाने तीच वाक्यं साक्षीदारांसमोर मृत्युपत्रात लिहिली असती, तर नीराला नवा नवरा आणि पोटापाण्याची सोय दोन्ही मिळालं असतं.

यावर कोणी म्हणेल, हा चित्रपट आहे, दिवाणी दावा नव्हे. शांताराम आणि आपटे यांच्या मनात कलमं नव्हती. नसतीलही. पण ज्या कथेची सुरुवात पैशाच्या देवघेवीने होते, तिच्या शेवटात पैशाचं नाव निघत नाही, ही गोष्ट मला तरी सहज घडलेली वाटत नाही. मध्यमवर्गीय सुधारणेची ती जुनीच सवय आहे: मन मोकळं करायचं, तिजोरी नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही कोंडी सगळ्यांची नव्हतीच. तो छत्तीसगढातल्या भिलाईसारख्या ठिकाणाहून नीट दिसतो. १९३७ साली तिथे पोलाद कारखान्याचा पत्ता नव्हता. भिलाई हे मध्य प्रांत व वऱ्हाडच्या दुर्ग जिल्ह्यातलं एक गाव, राजधानी नागपूर, आणि प्रांत मराठी-हिंदी अशा दोन्ही भाषांचा. ‘दुनिया न माने’ने एका मराठी ब्राह्मणी वाड्यातली कोंडी हिंदी मुलखापुढे सगळ्या दुनियेची म्हणून ठेवली. या छत्तीसगढी मुलखात ती तशी नव्हती. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात छत्तीसगढच्या कितीतरी जातींत विधवेने किंवा नवरा सोडलेल्या बाईने ‘चूड़ी’ घालून दुसरं घर करण्याची रीत नोंदलेली आहे. महाराष्ट्रातही पाट आणि काडीमोड होतेच. नीराला जे जिवावर उदार होऊनही मिळत नाही, ते शेतावर राबणाऱ्या बाईला जातपंचायतीपुढे मिळत असे. तिथेही पहिल्या नवऱ्याची भरपाई नव्या नवऱ्याने करायची असे, तेव्हा उगाच गोडी लावायला नको. पण कोंडी सार्वत्रिक नव्हती. ती पांढरपेशांची होती, आणि प्रतिष्ठेची किंमत म्हणून ती बायकांकडून वसूल होत होती.

इथेच १८५६ च्या कलमाने आणखी एक उलटापालट केली. ज्या जातींत पुनर्विवाहाला कधीच बंदी नव्हती, त्यांतल्या विधवेचीही मालमत्ता जाते का, यावर उच्च न्यायालयांत बरीच वर्षं मतभेद राहिला. अलाहाबादने म्हटलं, तिला या कायद्याची गरजच नव्हती, मग शिक्षा कसली? मुंबई, कलकत्ता आणि मद्रास यांनी कलम सगळ्यांना लावलं. सवर्ण विधवेला मोकळीक देण्यासाठी केलेल्या कायद्याने तिला फारशी मोकळीक दिली नाही, कारण समाजच आडवा आला. पण मुंबई इलाख्यातल्या कुणब्या-माळ्याच्या विधवेचा जमिनीचा तुकडा मात्र त्या कायद्याने गेला. १९३७ चा कायदाही तिच्या कामाचा नव्हता. प्रांतांतल्या शेतजमिनीला तो लागू होत नाही, असं फेडरल कोर्टाने १९४१ मध्ये ठरवलं. बंगला, रोकड आणि पुस्तकांची कपाटं असलेल्या काकासाहेबांच्या बायकोपुरता तो पुरेसा होता.

छत्तीसगढी भाषेतल्या पहिल्या चित्रपटाने, मनू नायक यांच्या ‘कहि देबे संदेस’ने (१९६५), लग्नाचाच प्रश्न घेतला, पण ब्राह्मण मुलगी आणि अस्पृश्य मानलेल्या जातीतला मुलगा असा. त्याला विरोध झाला तोही उच्च जातींतूनच. या मुलखाचा प्रश्न वेगळ्या ठिकाणी होता, हे त्यावरून कळतं. ‘दुनिया न माने’मधली दुनिया ही काकासाहेबांच्या ओळखीपाळखीतल्या माणसांची होती. तिच्याबाहेर कितीतरी बायका बांगड्या बदलून दुसऱ्या घरी नांदायला गेल्या होत्या, आणि त्यांच्यावर कादंबरी लिहायला तेव्हा कोणी बसलं नव्हतं.